काचेच्या पात्रातलं पाणी

कळशीच्या तोंडावरचं पांढरं फडकं काढलं आणि मला माझ्या नोकरीचा वास आला. रविवारची सकाळ. वेदीच्या मागच्या अरुंद खोलीत मी एकटाच होतो, खुंटीला पाळकसाहेबांचा जुना झगा, कोपऱ्यात मेणबत्त्यांचे खोके, बाहेर मंडळी पहिलं गीत म्हणत होती आणि पेटी नेहमीसारखी अर्धी ओळ मागं राहत होती. वास फार नव्हता. दुसऱ्या कुणाला आलाही नसता. नेलपॉलिश आणि नासका कांदा यांच्या मधला कसलातरी, आधी गोडसर, मग घशाच्या मागं जाऊन बसणारा. पंधरा वर्षं तो माझ्या कॉलरमध्ये आहे, नखांत आहे. माझी बायको सोनिया माझे कंपनीचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते आणि ती बादली घरातल्या कुणाला वापरू देत नाही. तो वास इथं, बाप्तिस्म्याच्या कळशीत. मी पुन्हा वाकून हुंगलं, कारण माणूस स्वतःला खोटं पाडायला बघतो. खोटं पडलं नाही. पाणी पिवळं होतं, उसाच्या रसात खूप बर्फ वितळल्यावर होतं तसलं, आणि वर एक पातळ तेलकट साय, जिच्यावर खिडकीचा उजेड पडून जांभळा हिरवा होत होता. सुंदर दिसत होतं, हेही लिहितो.

मी चितेगावच्या एका कंपनीत ईटीपीवर ऑपरेटर आहे. औषधाची भुकटी तयार झाल्यावर जे घाण पाणी उरतं ते साफ करून मग बाहेर सोडायचं, असं ते खातं. चुना, फिटकरी, हवेचे फवारे, गाळ सुकवायचे हौद. आठ महिने मी ते करतो, आणि गेली तीन वर्षं पावसाळ्यात करत नाही. साफ करायला वीज लागते, औषधं लागतात, आणि पावसात नाला भरून वाहत असला की कुणाला काही दिसत नाही. नाल्याच्या तोंडाशी एक लाल चाकाचा व्हॉल्व्ह आहे. कंपनीचा साहेब राउंडला येतो, छत्री मिटतो आणि म्हणतो, ‘आज पाऊस चांगलाय, त्रिभुवन.’ बस. कागदावर काही नाही, फोनवर काही नाही. मग मी जातो आणि ते चाक साडेचार वेळा फिरवतो. पहिल्या वर्षी मी आधी मागं वळून बघितलं होतं. दुसऱ्या वर्षी मी फिरवताना गाणं गुणगुणत होतो, आणि ते गाणं आमच्या उपासनेतलं होतं.

सुयश साहेब आमच्या चर्चला पाळक म्हणून आले त्याला दोन वर्षं झाली. बत्तीस वर्षांचा मुलगा, डोळ्यांत झोप नसलेला, बोलताना हात हलवणारा. त्यानं सप्टेंबर महिन्यात सृष्टीचे रविवार सुरू केले. देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखायला ठेवलं, सातबारा नावावर करून दिला नाही, असं तो म्हणायचा, आणि म्हातारी माणसं हसून माना हलवायची, कारण सातबारा हा शब्द चर्चमध्ये पहिल्यांदाच ऐकला होता. मग प्रीतिभोजनाला थर्माकोलच्या प्लेटा बंद झाल्या, पत्रावळी आल्या. शहागंजातून दोन माठ आले आणि दारात बसले. नाताळचे तारे कागदाचे झाले. आम्ही सगळे फार खूश होतो स्वतःवर. आमच्या मंडळीची सृष्टी प्लेटेपाशी सुरू होऊन प्लेटेपाशी संपत होती, आणि त्यासाठी साहेबांनी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष कोण, तर मी. ‘कंपनीत पाणी शुद्ध करणारा भाऊ आपल्यात आहे, ही देवाची योजना आहे,’ असं साहेबांनी भर उपासनेत सांगितलं. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला. माझ्या मुलीला, मोनिकाला, सुद्धा. ती गायनमंडळात उभी होती आणि माझ्याकडं बघून हसली.

यंदा साहेबांच्या डोक्यात नवीन आलं. ज्या घरचं लेकरू त्या घरच्या मातीतलं पाणी. नळाचं नाही, जारचं नाही. जिथं ते लेकरू वाढणार तिथली विहीर, तिथला बोअर, जे असेल ते. आणि जुनं संगमरवरी भांडं बाजूला ठेवून काचेचं पात्र आणलं, मागच्या बाकावरच्यालाही पाणी दिसावं म्हणून. आवडाबाईच्या नातीचा, चार महिन्यांच्या अपेक्षाचा, बाप्तिस्मा होता. चितेगावच्या पुढं नाल्याकाठच्या वस्तीवर त्यांचं घर. सकाळी कळशी माझ्या हातात देताना तिची सून करुणा दबकत म्हणाली होती, ‘भाऊ, पाणी जरा पिवळं येतंय. आम्ही पीत नाय, पिण्याला जार आणतो. मी साहेबांना म्हणलं, दुसरीकडचं आणू का. ते म्हणले, जसं आहे तसं आणा, देवापुढं काय लपवायचं.’ तेव्हा मी ‘चालतंय की’ म्हणालो. तेव्हा फडकं बांधलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर फडकं नसतं तरी मी चालतंय म्हणालो असतो. नाला कुणाच्या विहिरीच्या शेजारून जातो हे मला तीन वर्षं माहीत होतं. माहीत असणं आणि हुंगणं यांच्यामध्ये माणूस आरामात नोकरी करू शकतो.

आता त्या खोलीत मी विचार केला की तीन थेंब. कपाळावर तीन थेंब पडतील. तेवढ्यानं काय होतं? मग मला ते कपाळ दिसलं. चार महिन्यांच्या लेकराची टाळू अजून भरलेली नसते, तिथं कातडीखाली काहीतरी धडधडत असतं, मोनिकाची टाळू मी तासन् तास बघत बसायचो. थेंब डोळ्यात उतरेल. ओठावर येईल, ती चाटेल. आणि माझा हात कळशीखाली गेला, दुसऱ्या हातानं मी बेसिनचा नळ सोडला, आवाज झाकायला, आणि सगळं ओतून दिलं. कळशी तीनदा विसळली. कोपऱ्यात गायनाच्या लोकांसाठी ठेवलेला जार होता, त्यातनं काचेचं पात्र भरलं. हे करताना मला चांगलं वाटत होतं. ही त्या दिवसातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे. मला वाटलं, मी एका लेकराला वाचवलं.

साहेबांचा त्या दिवशीचा उपदेश कडू पाण्यावर होता, हे मला माहीत नव्हतं. रानात तीन दिवस चालून आलेली तहानलेली माणसं, पाणी सापडतं ते कडू, मोशे आरोळी मारतो, देव झाड दाखवतो, झाड पाण्यात पडतं आणि पाणी गोड होतं. झाड तोडून नव्हे, झाड लावून आपलं पाणी गोड होईल, असं काहीतरी साहेब म्हणत होते. मी पात्र उचलून निघालो. पात्र जड होतं, पाणी हलत होतं, काचेतून माझी बोटं मोठी मोठी दिसत होती. वेदीपुढच्या टेबलावर ते ठेवलं तेव्हा दारातलं ऊन सरळ त्यात शिरलं आणि पाणी इतकं स्वच्छ झालं की पात्र रिकामंच आहे असं वाटलं. आवडाबाई पहिल्या बाकावर होती. साठी ओलांडलेली, कपाळ मोकळं, नवीन लुगडं अंगावर कडक उभं राहिलेलं. ती पात्राकडं बघत राहिली. मग उठली. ‘हे आमचं पाणी?’ तिनं कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं. ‘मी पहाटं वढलं, पिवळं हुतं. माझ्या हातानं वढलं.’ चर्चमध्ये खोकला थांबला. ‘गोड केलं!’ ती ओरडली. ‘मोशेच्या वेळंला केलं तसं आमचं पाणी गोड केलं!’ आणि ती गुडघ्यावर बसली, बसली कसली, पडली. मागून कुणीतरी हालेलुया म्हणालं, मग दहा जण म्हणाले. सुयश साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते चांगले आहेत, लबाड नाहीत, म्हणून घाबरले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळू विचारलं, ‘विश्वजीतभाऊ, हे तेच पाणी ना?’

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला किती वेळ मिळाला ते सांगता येत नाही. घड्याळात दोन सेकंद असतील. माझ्या आत तो वेळ पसरत गेला, जमिनीवर ऑइल सांडावं तसा. नाही म्हणालो तर का म्हणून विचारतील. का, तर वास होता. कसला वास, तुम्हाला कसा कळला? प्रत्येक उत्तराच्या मागं पुढचं दार होतं आणि शेवटच्या दाराला लाल चाक होतं. आणि मला माझा बाप दिसला, फकिरा मास्तर, वैजापूरकडच्या गावात मिशनच्या शाळेचा मास्तर आणि सुवार्तिक. त्याच्या लहानपणी आमची माणसं गावच्या विहिरीच्या पायऱ्यांखाली रिकामी मडकी घेऊन बसायची, वरून कुणाला दया आली तर ओंजळभर उंचावरून पडायचं, अर्धं अंगावर, अर्धं मातीत. मग शाळेच्या आवारात विहीर झाली. बाप म्हणायचा, ‘लोक म्हणतात आपण ज्वारीसाठी बाटलो. खोटं. पाण्यासाठी बाटलो, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे रे?’ शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या बाया तिथंच भरायच्या, दुष्काळात तर ज्यांनी आम्हाला पायऱ्यांखाली बसवलं त्यांच्याही घागरी आल्या, आणि बापानं एकालाही नाव विचारलं नाही. आधी पाणी, मग प्रार्थना, हा त्याचा नियम. दरसाल उन्हाळ्यात तो स्वतः दोरानं खाली उतरून गाळ काढायचा आणि वर आल्यावर ओला तळहात हुंगायचा. तेवढ्यावरून त्याला पाण्याची तब्येत कळायची. त्याचं नाक माझ्यात उतरलं. बाकीचं काही उतरलं नाही. ज्यांना हजार वर्षं पाण्याला शिवू दिलं नाही त्यांच्या पोरानं पाणी नासवायचं काम धरलं, पगारी, दिवाळीला बोनससकट.

मी मान हलवली. होकारार्थी. बोललो नाही, नुसती हलवली, जणू काही तोंडानं न बोललेलं खोटं निम्मं असतं.

मग बाप्तिस्मा झाला. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा पाणी पडलं. जारचं पाणी थंड होतं, अपेक्षा दचकली, रडली नाही, तिनं जीभ बाहेर काढून ओठावरचा थेंब चाटला आणि सगळं चर्च हसलं. करुणा हसली नाही. ती लेकरू धरून पात्राकडं बघत होती, नळाला हवा आल्यावर बाई तोटीकडं बघते तशी. उपासना सुटल्यावर लोक रांगेनं येऊन पाण्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावू लागले. आमच्यात असलं काही करत नाहीत. साहेब म्हणत होते, अहो, असं नका करू, आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. आवडाबाईनं उरलेलं पाणी कळशीत भरून घेतलं. ‘हे मी हिरीत वतणार,’ ती बायांना सांगत होती. ‘आजपासून जार बंद. देवानं दिलेलं सोडून इकत कशाला प्यायचं? वस्तीवर सगळ्यांना सांगते.’ जाताना माझ्याजवळ थांबली. ‘सलाम, भाऊ. तुमच्याच हातानं आणलं देवानं पाणी.’ मी ‘सलाम, मावशी’ म्हणालो. आणि तिनं माझा हात धरून आपल्या डोळ्याला लावला.

घरी रविवारचं मटण होतं. मी भाकरी कुस्करत बसलो. सोनियानं वाढायचं थांबवून विचारलं, ‘काय झालंय? चमत्कार झाला म्हणं आज, आणि तुमचं तोंड मयतीला गेल्यासारखं.’ मोनिका आतल्या खोलीत फोनवर कुणाला तरी तेच सांगत होती, पप्पांनीच आणलं होतं ते पाणी, खरंच. मी सोनियाला सगळं सांगितलं, हळू आवाजात, ताटाकडं बघत. तिनं रश्शाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, ‘त्या लेकराला दूध कसलं आहे?’ मी म्हणालो, पावडरचं, करुणाला दूध येत नाही. ‘मग आता ती पावडर कशात कालवतील?’ मी भाकरी पुन्हा कुस्करली. ‘मला काय सांगता बसून? मी काय पाळक आहे?’ तिनं माझं ताट माझ्यापुढून उचललं. ‘पंधरा वर्षं वास धुते मी तुमचा. कधी विचारलं नाय. माझी चूक. उठा.’

पैठण रोडनं वस्तीकडं जाताना डोकं सगळ्या बारीक गोष्टींत अडकत होतं. ट्रकच्या मागचं फडफडणारं प्लास्टिक, केळीवाल्याची छत्री, हँडलच्या रबरातून हाताला येणारी खाज. मनात मी वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्यात मी जरा बरा दिसत होतो. मावशी, मला राहवलं नाही. मावशी, वरच्या साहेबांचा हुकूम. मावशी, सगळ्याच कंपन्या करतात. कंपनीचं गेट आलं तेव्हा वॉचमननं सवयीनं हात वर केला आणि मीही केला. पाप्याला माणूस म्हणून कुणी तरी ओळखतं हे बरं वाटलं. पुढं नाल्याकडं वळलो. नाल्याचं पाणी ओसरलेलं होतं आणि काठच्या दगडांवर पिवळा थर बसला होता, खरकट्यासारखा. त्या थरावर माझी सही आहे, हा विचार आला, आणि मला त्याचा राग आला, कारण तोही जरा छान वाक्यासारखा होता.

विहिरीवर सात आठ बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. बातमी माझ्या आधी पोचली होती. त्यात ख्रिस्ती तीनच, बाकीच्या वस्तीवरच्या इतर घरांतल्या, पण गोड पाण्याला कोण जात विचारतं. आवडाबाई कठड्यावर राणीसारखी बसली होती. ‘या भाऊ! बघा, पाळकांनी मंडळी नाय जमवली तेवढी हिरीनं जमवली.’ बाया हसल्या. एक जण म्हणाली, ‘आवडे, आता तूच पाळकीण हो.’ ‘व्हईन की. तुझ्यापास्नं सुरवात करते, आधी तुझी जीभ धुते.’ पुन्हा हसू. आवडाबाईनं तांब्या भरून माझ्यापुढं धरला. ‘घ्या. दिसायला पिवळंच हाय आजून, उतरंल हळूहळू. सकाळचं वतलंय त्यात.’ तांब्या थंडगार होता. मी तो घेतला आणि धरून उभा राहिलो. मागं ओट्यावर करुणा लेकराला बाटली पाजत होती.

‘मावशी, पाणी मी बदललं,’ मी म्हणालो. ‘चर्चमध्ये. तुमचं ओतून दिलं आणि जारचं भरलं. चमत्कार नाही झालेला.’

आवडाबाईनं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, लहान मुलाकडं बघावं तसं. ‘आसंल,’ ती म्हणाली. ‘मग तुम्हाला कुणी बुद्धी दिली बदलायची? देवाला काय स्वतःचे हात असत्यात व्हय? तुमचे वापरले.’ आणि ती बायांकडं वळून हसली. मला तिथंच थांबता आलं असतं. माझी कबुली झाली होती, तिनं तिला फुलं वाहिली होती, मी घरी जाऊन मटण खाऊ शकत होतो. मी तो विचार केला. पूर्ण केला, शेवटपर्यंत.

‘देव नाही, मावशी. वास आला म्हणून बदललं. तो वास मला माहीत आहे, कारण ती घाण मीच सोडतो. कंपनीतनं. पाऊस लागला की नाल्यात. चाक माझ्या हातानं फिरवतो.’

करुणानं बाटली ओढली. अपेक्षाच्या तोंडातून बूच सुटल्याचा आवाज झाला आणि ती किंचाळली. करुणा बाटली उजेडात धरून बघत होती. ‘उकळलं होतं मी,’ ती म्हणाली, मला नाही, बाटलीला. ‘दोनदा उकळलं होतं.’ उकळून ते जात नाही, हे मी सांगितलं. तेवढं तांत्रिक ज्ञान मला आहे. ती बाटली घेऊन उठली, लेकरू कडेवर, आणि घरात गेली, आणि आत जारचं बूच फिरवल्याचा, मग भांडं पडल्याचा आवाज आला.

आवडाबाई कठड्यावर तशीच होती. ‘कवापासून?’

‘तीन पावसाळे.’

तिनं बोटांवर सालं मोजली, बोटं मोडली, पुन्हा मोजली. ‘आमचे मालक दोन सालाखाली गेले. कडुबा. ही हीर त्यांनी खणली, मुरूम लागला तरी सोडली नाय. पाणी पिवळं झालं तरी तेच प्यायचे, म्हणायचे माझ्या घामाचं हाय. जार यायला लागला ते गेल्यावर.’ तिनं कठड्यावरून हात फिरवला. ‘कावीळ झाली, पोट फुगलं. डाक्टर म्हणला, दारूनं लिव्हर गेलं. ते दारूला शिवत नव्हते, भाऊ. मला वाटायचं, शिवत नव्हते. मग मला वाटलं, चोरून पीत आसतील. मरताना मी त्यांना इचारत हुते, कुठं पीत हुता, कुणासंगं पीत हुता, आता तरी खरं सांगा. ते रडत हुते. मला वाटलं, लाजंनं रडत्यात.’ तिनं माझ्याकडं बघितलं. ‘त्यानंच झालं का?’

‘माहीत नाही,’ मी म्हणालो. हे खरं आहे. मला माहीत नाही. आयुष्यभर माहीत होणार नाही, आणि त्या बाईलाही नाही.

बायांनी घागरी खाली ठेवल्या. मग त्यांतली एक, तरणी, कमरेला पदर खोचलेली, पुढं आली आणि दोर हातात घेतला. ‘आंघोळीला न् भांड्याला तर लागंलच की,’ ती म्हणाली. ‘नळ कुठाय आम्हाला? सरका जरा.’ मी सरकलो. दोर घ्यायला हात पुढं केला, तर ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या.’ चाक कुरकुरलं, बादली खाली गेली. तांब्या अजून माझ्याच हातात होता, तो कुठं ठेवावा ते कळेना. आवडाबाईनं तो घेतला आणि पाणी कठड्याबाहेर, नाल्याच्या बाजूला फेकलं.

‘हे जे आता बोललात,’ ती म्हणाली, ‘ते लिहून देता का? सही करून? करुणा शिकलेली हाय, ती घेऊन जाईल कलेक्टरच्या हापिसात. नुसतं मला सांगून काय व्हतं. मी तर माफ बी करीन, त्याला काय लागतंय.’

मला नोकरी दिसली, मोनिकाच्या नर्सिंग कॉलेजची उरलेली दोन वर्षं दिसली, साहेबाची मिटलेली छत्री दिसली. चर्चमधले पहिल्या बाकावरचे चेहरे दिसले. बाप दिसावा असं फार वाटलं, तो दिसला नाही. ‘देतो,’ मी म्हणालो. पण ते म्हणायला मला इतका वेळ लागला की तेवढ्यात विहिरीवर तीन घागरी भरून निघाल्या, आणि आवडाबाई त्या सगळ्या वेळात माझ्याकडं बघत नव्हती, डोक्यावर पिवळं पाणी घेऊन घराकडं चाललेल्या बायांकडं बघत होती.